तिसऱ्या चौकटीतला आवाज

'हामानासु' या कराओके कॅफेत गाण्यांची यादी आधी मिळत नाही, आधी कॉफी मिळते. कप ठेवता ठेवता मालकीण फुसाए निशिवाकी एवढंच विचारते, "साखर किती?" समोरचा माणूस "एकच" म्हणेपर्यंत त्याचा आवाज कुठे राहतो हे तिला कळलेलं असतं. मग ती रिमोट उचलते, एक गाणं लावते, आणि जन्मात कधी माईक न धरलेला माणूस तिसऱ्या ओळीला थबकतो. हे कोण गातंय, असा.

जपानमधल्या साकाता बंदरात दुपारचं गायला जायची ही एकच जागा. सहा टेबलं, एक पडदा, भिंतीला टेकवलेल्या खंजिऱ्या. येणारे बहुतेक निवृत्त आणि बहुतेक सगळे फुसाएला 'बाई' म्हणणारे, कारण तिने छत्तीस वर्षं इथल्याच शाळेत भाषा शिकवली. संगीत नव्हे. तरीही शरद ऋतूतल्या वर्गावर्गांच्या समूहगान स्पर्धेत तिचा वर्ग सहा वेळा पहिला आला. ते सहा फोटो चौकटीत बसून गल्ल्याच्या वर टांगलेले आहेत.

बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे त्सुकुदा पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले होते, "इंजिनावर ओरडून ओरडून माझा घसा गेलाय, बाई. मी नुसता ऐकतो."

"घसा कुठे गेलाय? तुम्ही आजवर दुसऱ्याच्या घशातली गाणी म्हणत होतात," ती म्हणाली आणि तिने त्यांना सायकलवरून घरी परतणाऱ्या एका तरुणाचं जुनं पॉप गाणं लावून दिलं. त्सुकुदांना यंत्राने ब्याऐंशी गुण दिले. त्या दिवसापासून ते गाणं त्यांचं झालं. 'हामानासु'त दुसऱ्याचं गाणं विचारल्याशिवाय कुणी म्हणत नाही.

गाणं निवडायचे तिचे आडाखे अगदी साधे. लोकांना संथ गाणं सोपं वाटतं. पण संथ गाण्यात दम उघडा पडतो. गाणं चालत्या चालीचं हवं. सूर पाच पायऱ्यांच्या वर चढू नये, ओळ संपल्यावर श्वासाला जागा हवी, धृपदात अचानक उडी नको. एवढं सगळ्यांना पाठ झालं होतं. पण त्या आडाख्यांतून नेमकं त्या माणसाचं गाणं तिला कसं सापडतं, ते कुणालाच उमगत नसे. "साखरेवरून," ती सांगायची, आणि ते खरंच होतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी चाळिशीची एक बाई आली. कुदो, असं तिने नाव लिहिलं. फुसाएने साखर विचारली तर तिने नुसती मान हलवली. फुसाएच्या हाती काहीच लागलं नाही. असं पहिल्यांदाच झालं.

"मी वृद्धाश्रमात काम करते," थोड्या वेळाने ती कुजबुजली. "दर गुरुवारी दोन वाजता सगळ्यांना घेऊन गाणी असतात. माईक माझ्याकडे असतो."

"मग म्हणत असालच की."

"मी कुचिपाकु आहे."

सुकं माकूळ चघळत बसलेले त्सुकुदा हसले. "आमच्या वर्गातही होता एक. आवाज काढायचा नाही, माशासारखी तोंडाची उघडझाप. स्पर्धेला सगळ्यांत मोठं तोंड त्याचंच."

"मूळ गायकाचा आवाज चालू ठेवायचा आणि ओठ हलवायचे," ती म्हणाली. "अकरा वर्षांत कुणाला कळलं नाही."

"आता कुणाला कळलं?" फुसाएने विचारलं.

"तोमेआजींना. त्र्याण्णव वर्षांच्या आहेत, यंदाच आल्यात. त्यांना दिसत नाही. मागच्या गुरुवारी माझा हात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, 'तू का गं गात नाहीस? तुझे ओठ मला दिसत नाहीत, बाळ.'"

त्सुकुदांचं चघळणं थांबलं.

"परवा त्यांचा वाढदिवस आहे. काय हवं विचारलं, तर म्हणाल्या, तुझं एक गाणं. मी रजा टाकणार होते. अर्ज लिहिलाय, पर्समध्ये आहे."

फुसाएने आजवर कधीच न फसलेलं, बायकांसाठीचं सर्वांत सोपं गाणं लावलं. कुदोचा आवाज दोन ओळी वर ओढत गेला आणि काडीसारखा मोडला. फुसाएने सूर दोन पायऱ्या खाली आणला. तो पुन्हा मोडला.

"बघा," कुदो म्हणाली.

पण फुसाए वेगळंच काही बघत होती. गाणं मागे वाजतच होतं, आणि प्रत्येक ओळीच्या आधी, नेमक्या क्षणी, त्या बाईची छाती भरून येत होती. न गाताही.

"तुम्हाला तर सगळं येतं," फुसाए म्हणाली.

"सगळं. शब्द, दम, कुठे थांबायचं ते. फक्त आवाज नाही."

"असं कुणी सांगितलं?"

कुदोने गल्ल्याच्या वर पाहिलं. "तुम्हीच, बाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तिसरी चौकट. मागच्या रांगेत, डावीकडचं टोक. तेव्हा, लग्नाआधी, मी ओबाता मिनाको होते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, 'ओबाता, उद्या तू नुसते ओठ हलव. हसरी आहेस, छान दिसतेस.' आणि आपण जिंकलो."

फुसाएने चौकट उतरवली. रांगेच्या टोकाला तोच चेहरा होता आणि सगळ्या वर्गात सर्वांत मोठं उघडलेलं तोंडही त्याचंच. तिने आठवून पाहिलं. त्या दिवशीचा वारा आठवला, परीक्षकाचा हिरवा टाय आठवला. ते वाक्य काही आठवेना. बाकीच्या पाच चौकटींकडे बघायचं तिने टाळलं.

"मला आठवत नाही, ओबाता."

"वाटलंच होतं," मिनाको म्हणाली.

"तुला उभं कुठे केलं होतं मी?"

"मुलींत."

"मुलींत," फुसाए पुटपुटली. मुली वरच्या सुरात, मुलगे खालच्या. तिने दरवर्षी तसंच केलं होतं; सगळेच तसं करतात. "साखर किती, सांग बघू. मोठ्याने."

"नको, बाई."

तो 'नको' फुसाएच्या कानावर पडला मात्र, तिचा रिमोट धरलेला हात थांबला. मुलींची शेवटची पायरी जिथे संपत होती, तिथून खाली हा आवाज सुरू होत होता. बेसूर नव्हता. खालच्या मजल्यावर राहत होता, आणि तिने वरच्याच मजल्यावर हाका मारून, घरात कुणी नाही, असं ठरवून टाकलं होतं.

पडद्यावर सायकलवाल्याच्या गाण्याचं नाव आलं.

"ते पुरुषाचं आहे," त्सुकुदा म्हणाले. "आणि माझं आहे."

"आज द्या."

त्सुकुदांनी मिनाकोकडे पाहिलं, खंजिरी मांडीवर उलटी ठेवली. "घ्या. पण ब्याऐंशीच्या वर जाऊ नका म्हणजे झालं."

फुसाएने मूळ गायकाचा आवाज बंद केला. सूर बदलला नाही. त्याची गरजच नव्हती.

पहिली ओळ मिनाकोने चाचपडत म्हटली. दुसरीला पाय टेकला. मग तो आवाज सरळ चालू लागला, दाट आणि गडद, बंदरातल्या हिवाळी पाण्यासारखा. जिथे श्वास हवा तिथे श्वास होता. इतक्या वर्षांचे सगळे मुके श्वास जणू आपापल्या ओळी शोधत येऊन बसत होते. सत्तावीस वर्षं वापरलाच नाही तो आवाज, आणि त्याला गंज म्हणून नव्हता. फुसाएने हजारो गळे ऐकले होते. तिने रिमोट गल्ल्यावर ठेवून दिला.

शेवटी यंत्राने किती गुण दिले ते कुणीच पाहिलं नाही. त्सुकुदांनी खंजिरी वाजवली नव्हती.

"गुरुवारी दोनला याल, बाई?" मिनाकोने विचारलं.

गुरुवारी आश्रमाच्या दालनात पंचवीस खुर्च्या अर्धवर्तुळात होत्या. तोमेआजी मधल्या खुर्चीवर, गळ्यात कागदी फुलांची माळ. एका बाजूला मिनाको त्यांचा उजवा हात धरून उभी. डावा हात फुसाएकडे आला. हात नव्हे, बारीक हाडांची एक जुडीच. पण पकड घट्ट.

सायकलवाल्याचं गाणं सुरू झालं. मिनाकोचा आवाज आला आणि तोमेआजींनी मान वर केली, भिंतीपलीकडून कुणी ओळखीचं यावं तशी. त्या नुसत्या ऐकत राहिल्या, आणि त्यांचा अंगठा मिनाकोच्या मनगटावर ताल धरू लागला. हळूहळू सगळं दालन गाऊ लागलं.

धृपद आलं तेव्हा तोमेआजींनी डावीकडे तोंड वळवलं.

"आणि या बाजूला कोण गं? या का गात नाहीत?"

फुसाएच्या लक्षात आलं, तिचे ओठ हलत होते, प्रत्येक शब्दाला, अगदी बिनचूक. आवाज मात्र नव्हता. मिनाकोने गाता गाता तिच्याकडे पाहिलं, आणि ती हसली.

फुसाएने श्वास घेतला. सूर वरचा लागला, सवयीचा. मग एकेक पायरी चाचपडत ती खाली उतरली, मिनाकोचा आवाज जिथे होता तिथपर्यंत.