बेटावरची माफी

माझा नवरा जहाजावर चीफ इंजिनिअर आहे. महिनोन्‌महिने समुद्रावर काढून घरी आला की त्याला पाणी दिसेल अशा कुठल्याही ठिकाणी जायचं नसतं. सिंगापुरातल्या आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली लोळायचं, खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर जाऊन चहा प्यायचा आणि लेकीची थट्टा करायची, एवढीच त्याची सुट्टी. त्यामुळे त्याच्या मित्राने बेटावर जाऊन राहायची टूम काढली तेव्हा तो नकोच म्हणत होता. हो म्हणाले मी. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात वर्षअखेरचं काम उपसून मी पार पिळून निघाले होते. कुणीतरी आयतं पुढ्यात वाढावं, एवढीच माझी इच्छा होती.

हा मित्र त्याच्या कॉलेजातला. दोघं एकाच जहाजावर ज्युनिअर म्हणून चढले होते. मित्राने समुद्र लवकर सोडला, इथे जहाजांना सामान पुरवायचा व्यवसाय काढला आणि त्यात त्याचं उत्तम बस्तान बसलं. मी त्यांना भावजी म्हणते आणि त्यांच्या बायकोला वहिनी. माझ्या बाळंतपणात नवरा जहाजावर होता, तेव्हा याच वहिनी रोज डबा घेऊन हॉस्पिटलात यायच्या. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं वाचून ही माणसं पहिल्यापासून तशीच होती असं वाटेल. तशी ती नव्हती. निदान मला तरी दिसली नव्हती.

फेरीने तासाभरात पोचलो. लेक परीक्षेचं निमित्त सांगून घरीच राहिली होती. धक्क्यावर गार, वासाचे टॉवेल हातात आले आणि स्पीकरवर कुठलंसं ढोलकं वाजायला लागलं. रिसॉर्टची सगळी कल्पना कॅरिबियन बेटाची होती. आमच्यासारखेच दिसणारे, त्याच बेटावरच्या गावात राहणारे कर्मचारी फुलाफुलांचे शर्ट घालून, कानामागे प्लास्टिकचं फूल खोचून, शिकवल्यासारखे डुलत उभे होते. नवरा मला हळूच म्हणाला, की खऱ्या कॅरिबियनमध्ये तो कितीतरी वेळा गेलाय आणि तिथे त्याला क्रेन आणि तेलाच्या टाक्याच दिसल्या. मी हसले. तोपर्यंत हसू येत होतं.

समुद्रावर गेलो. पांढरी वाळू कुठून तरी आणून ओतलेली होती. ती संपते तिथे पाऊल टाकलं आणि घोट्यापर्यंत काळ्या चिखलात रुतले. वर कुजक्या अंड्यासारखा वास. पाणी भांडी विसळल्यासारखं कोमट, वर लोकांच्या अंगावरच्या सनस्क्रीन क्रीमचा तेलकट तवंग. मी पाय धुवून छत्रीखाली बसले, ती उठलेच नाही.

दुपारी जेवायला भलंमोठं टेबल मांडलं होतं. मी कोकणातली, मासे खाऊनच वाढलेली. खेकड्याची नांगी फोडून चोखताना मला कधी कसंसं झालेलं नाही. पण तिथे लोक एक घास घेऊन ताट सरकवत होते आणि नवीन भरून आणत होते. आमच्या टेबलावर अर्धवट फोडलेल्या खेकड्यांचा ढीग झाला, त्यात चोळामोळा केलेले कागदी रुमाल, वितळलेलं आइस्क्रीम. भावजींनी सिगारेट ओढली आणि उरलेल्या माशाच्या पोटात खुपसून विझवली. चर्र आवाज आला आणि जळक्या चरबीचा वास थेट माझ्या नाकात गेला. माझ्या ताटातला भात मला पुढे खाववेना. भावजी मला म्हणाले, वहिनी, डाएट घरी करा.

संध्याकाळी त्यांच्या व्हिलात गप्पा मारायला बोलावलं होतं. आम्ही दारात पोचलो तर आत कुणी मोठ्याने बोलत होतं. वहिनींनी टॉवेल उचलला आणि त्यातून पाल पडली, एवढंच झालं होतं. पाल सिंगापुरात कुणाच्या घरी नाही? आमच्या स्वयंपाकघरात तर एक कायमची मुक्कामाला आहे. पण भावजींनी मॅनेजरला बोलावलं होतं आणि मॅनेजरने ती खोली आवरणाऱ्या बाईंना.

त्या माझ्याच वयाच्या असतील, पन्नाशीच्या आसपास. हात पुढे जोडून, मान खाली घालून त्या इंग्रजीत माफी मागत होत्या. अडखळत, पण पाठ केल्यासारखं. कानामागचं फूल तिरकं झालं होतं. मॅनेजर बाजूला उभा राहून प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. आणि वहिनी सोफ्यावर पाय वर घेऊन, रिसॉर्टच्या पांढऱ्या झग्यात, मोबाइल समोर धरून ते सगळं शूट करत होत्या.

माफी संपली. वहिनी मोबाइलकडे बघत मॅनेजरला म्हणाल्या, "आवाज नीट आला नाही. परत बोलायला सांगा त्यांना."

मॅनेजरने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली.

मी पुढे गेले आणि मोबाइलवर हात ठेवला. कॅमेऱ्याची काच माझ्या तळव्याला गरम लागली.

"बंद करा ते," मी म्हटलं.

"अहो वहिनी, रिव्ह्यूला लागतं. त्याशिवाय हे लोक दाद देत नाहीत," भावजी म्हणाले.

नवरा एरवी असल्या वेळी मला बाजूला घेऊन 'सोड ना' म्हणतो. त्या दिवशी म्हणाला नाही. त्याने बाईंना थँक यू म्हणून दाराकडे हात केला. त्या मॅनेजरकडे बघत राहिल्या, मॅनेजर भावजींकडे. शेवटी भावजी हसले. "जाऊ दे, चीफला दया आली," असं म्हणाले, तेव्हा कुठे त्या गेल्या.

नवरा भावजींना म्हणाला, "माझ्या इंजिन रूममध्ये असं कुणी केलं असतं तर पुढच्या बंदरात त्याला उतरवला असता."

"इथे तू गेस्ट आहेस, चीफ. ड्युटीवर नाहीस."

आम्ही आमच्या खोलीत गेलो. चादरीवर टॉवेलचे दोन हंस करून ठेवले होते, माना एकमेकांना लावून. मी ते उचलून कपाटात टाकले.

सकाळी वहिनींचा फोन आला. कालच्या त्रासाबद्दल रिसॉर्टने त्यांना मोठा व्हिला दिला होता, स्वतःचा पूल असलेला, आणि वर पाण्यात तरंगणारा नाश्ता. या ना, असं त्या अगदी मोकळेपणाने म्हणाल्या, जणू काही झालंच नव्हतं. नवरा म्हणाला, जाऊन सरळ सांगून येऊ की आम्ही आजच निघतोय. न सांगता जाणं त्याला बरं वाटेना.

पूलमध्ये वेताचं एक मोठं तबक तरंगत होतं. अंडी, क्रोसाँ, कापलेली पपई, रसाचे आणि दुधाचे ग्लास. वहिनी पाण्यात उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या आणि भावजी काठावरून कोन बदलत होते. खात कुणीच नव्हतं. मग वहिनींनी तबक जवळ ओढलं आणि ते कलंडलं. दूध पाण्यात पसरलं. अंड्याचा बलक फुटून पिवळे तंतू तरंगायला लागले, क्रोसाँ फुगून लगदा झाला. वहिनी हसत सुटल्या. भावजींनी त्यातच उडी मारली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या छातीच्या केसांत पपईचं बी आणि पावाचा चिकटा अडकला होता. तशाच हाताने त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर थोपटलं. काल थोडं जास्तच झालं, म्हणाले, विसरून जा.

साफ करायला आल्या त्या कालच्याच बाई. लांब काठीची जाळी घेऊन त्या वाकून लगदा गोळा करू लागल्या. मी काठावरचे ग्लास उचलायला लागले तशी त्यांनी मान हलवली. "मॅडम, नो. प्लीज. मॅनेजर सी." मग माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू आदल्या दिवशी धक्क्यावर मिळालं होतं तेच होतं. वहिनींनाही त्या तेच देत होत्या. त्यांच्या लेखी मी काही वेगळी नव्हते. झगा माझ्याही अंगावर पांढराच होता.

दुपारच्या फेरीने आम्ही परतलो. मी घरी आल्या आल्या डोक्यावरून अंघोळ केली आणि तरीही क्रीमचा तो गोडसर वास जाईना.

दोन दिवसांनी आमच्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपवर वहिनींनी टाकलेला तो माफीचा व्हिडिओ आला. माझा तळवा येण्याआधीपर्यंतचाच भाग ठेवलेला. त्याखाली हसणारे चेहरे पडायला लागले. ज्यांच्याकडे मी गणपतीला जाते, ज्यांच्या मुलांना मी गणित शिकवलं, त्यांचे. मी लिहिलं, 'मी तिथे होते. त्या बाई आपल्याच वयाच्या आहेत. हे काढून टाका.' मग एकीने लिहिलं, की गमतीला गंमत म्हणून घ्यावं. दुसऱ्या एकाने वीकेंडच्या पॉटलकचा, कुणी काय करून आणायचं याचा विषय काढला. व्हिडिओ तिथेच राहिला.

लेकीने माझ्या खांद्यावरून ते वाचलं. तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट लीव्ह द ग्रुप लाह. व्हाय यू स्टिल इन देअर?" मी बाहेर पडले. सोळा-सतरा वर्षांची ओळख होती, बोटाने एकदा दाबलं, संपलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

नवरा पुन्हा जहाजावर गेला. भावजींचा फोन आला तर तो घेतो, कामापुरतं बोलतो. बंदरात त्यांच्याशी संबंध येतोच. मला ते आवडत नाही आणि तसं मी त्याला सांगितलंय.

मागच्या महिन्यात पाया लेबार स्टेशनला एमआरटीत, आमच्या मेट्रोत, वहिनी चढल्या. मला बघून आनंदाने माझ्या शेजारी येऊन बसल्या, गुडघ्यावर हात ठेवला. विचारलं, रागावलीस का अजून, किती दिवस झाले त्याला. मग म्हणाल्या, पुढच्या लाँग वीकेंडला त्यांनी आणखी एक बेट बघून ठेवलंय, तिथे पाली अजिबात नसतात. त्यांचा हात मऊ होता, थोडा ओलसर. हाच हात डब्याचं झाकण उघडून मला गरम मऊ भात भरवायचा, हेही मला आठवत होतं.

तरी मी तो हात बाजूला केला आणि पुढच्या स्टेशनवर उतरले. माझं स्टेशन अजून लांब होतं. दारं लागली, गाडी गेली, आणि मी दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी राहिले.