शेवटच्या वळणावरचा गुलाल

मी आयुष्यात एकदाच डोंगरातली पंचवीस किलोमीटरची शर्यत पळालो, आणि आयोजकांच्या मते ती मी पळालोच नाही. लोक म्हणतात, जुना राग धरून ठेवू नये. मी धरलेला आहे. नीट घडी घालून ठेवलेला आहे, लागेल तेव्हा हाताशी सापडतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका हौशी मंडळानं गगनबावड्याच्या बाजूला पहिल्यांदाच डोंगर-दौड ठेवली होती. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा, सरकारी कचेरीत खुर्चीला चिकटलेला. मी नाव घातलं ते तब्येतीसाठी नव्हे, सासरवाडीसाठी. माझी सासरवाडी कागलकडची. सासरे पैलवान, मेहुणा तानाजी पैलवान, गोठ्यातली म्हैससुद्धा अंगानं पैलवान! लग्नापासून सासरे चारचौघांत एकच वाक्य बोलायचे, "आमचं पावणं हुशार हाईत, पर अंगात काय न्हाय." वीस वर्षं ऐकलं. मग ठरवलं, शर्यत पुरी करायची, पदक घ्यायचं आणि सासऱ्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात, त्यांच्या कुस्तीच्या ढालींशेजारी स्वतःच्या हातानं खिळा ठोकून लटकवायचं.

तयारीत मी हयगय केली नाही. बूट, जादा मोजे, ग्लुकोज, चिकटपट्टी, सेफ्टी पिना, सगळ्याची यादी केली, सगळ्यावर खूण केली. 'सासरवाडीला कळवू नये' एवढं मात्र लिहायचं राहिलं. बायकोनं कळवलं.

सकाळी सुटायच्या आधी आयोजकांनी कर्ण्यावरून नियम सांगितले. अकराच्या आत कमानीतून आत यायचं, आणि सगळं अंतर स्वतःच्या पायांनी कापायचं. बाकीचे जांभया देत होते. मी एकटा मान डोलवत ऐकत होतो. (ऐकून काय उपयोग झाला, ते पुढं येईलच.)

निम्मं अंतर बरं गेलं. मग पाण्याच्या टेबलाजवळ एक ओळखीची जीप दिसली, सासऱ्यांची.

"दाजीऽऽ! या, बसा. जेवून जावा!" तानाजी चटई अंथरून तयार होता.

"अरे, शर्यत चालू आहे!"

"शर्यत कुठं पळून जातीया?"

(जाते! शर्यतीचं तेवढंच काम असतं!)

"मामा, तुम्ही तरी सांगा याला," मी सासऱ्यांकडं वळलो.

"पावणं, जावई उपाशीपोटी डोंगर चढला, तर गावात आम्ही तोंड कुठं दाखवायचं?" मामांनी वाटी पुढं केली. "नुसता पांढरा रस्सा हाय. मटणाचं तुकडं बी बारीक केल्यात."

वाद घालण्यापेक्षा पिणं लवकर उरकेल, असा मी हिशेब केला. एक वाटी संपवली. वाटी रिकामी दिसली म्हणून तानाजीनं ती भरली. दुसरी संपवली, तिसरी भरली. शेवटी मी वाटी हातात घेऊनच पळालो! पुढचा सगळा चढ तो रस्सा माझ्या पोटात डावीकडून उजवीकडं हेलकावत होता. गुडघ्याला पट्टा बांधलेले एक निवृत्त मास्तर मला मागं टाकून गेले. जाताना म्हणाले, "सावकाश या." माझ्या तोंडाशी आलेला शब्द मी गिळला, कारण तोंड उघडलं असतं तर शब्दाबरोबर रस्साही बाहेर आला असता.

तरीही मी पळालो. चिडलो की मला दम लागत नाही, आणि त्या दिवशी मी भरपूर चिडलो होतो. शेवटचं वळण घेतलं, तर समोर कमान! अकराला अजून दहा मिनिटं बाकी! सोप्यातला खिळा मला डोळ्यांपुढं दिसायला लागला.

तेवढ्यात हलगी कडाडली.

"आलाऽऽ! आमचा जावई आलाऽऽ!"

तानाजीनं अख्खी तालीम टेम्पोत घालून आणली होती. गुलाल माझ्या डोळ्यांत गेला, नाकात गेला, तोंडात गेला. दिसेना झालं, आणि पाय जमिनीला लागेनात. कुस्ती जिंकलेल्या गड्याला उचलतात, तसं त्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं!

"खाली ठेवा! तानाजी, खाली ठेव मला!"

"लाजू नका, दाजी!"

"अरे, नियम आहे!"

"आमच्यातबी नियम हाय की! जिकल्याला चालवत न्हेत न्हाईत!"

मी लाथा झाडल्या. त्यांना वाटलं, मी हलगीवर नाचतोय. हलगीवाल्यानं ठेका वाढवला. त्याच ठेक्यावर मी नाचत नाचत कमानीतून आत गेलो आणि तिथल्या आयोजकानं शिट्टी मारली.

"हे बाद."

"बाद?" तानाजी भडकला. "आवं, निम्मा जीव गेलाय त्येचा, दिसत न्हाय व्हय तुमास्नी?"

"स्वतःच्या पायांनी यायला पाहिजे होतं."

"मग पाय हाईत की!" मामांनी माझा बूट धरून आयोजकाच्या तोंडासमोर हलवला. "ह्ये बघा. दोन्ही हाईत!"

आयोजक माणूस मनानं चांगला. घड्याळ बघून म्हणाला, "अजून पाच मिनिटं आहेत. जिथून उचललं, त्या वळणापासून पळत आले, तर धरतो."

हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. मामांचा चेहरा पडला. आपण काय केलं, ते त्यांना आत्ता कळलं होतं. "माझंच चुकलं, पावणं," ते हळूच म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा! मला आणखी राग आला, कारण आता धड ओरडताही येईना.

"ठेवा मला खाली!" मी गरजलो.

ठेवलं. खांद्यावर लोंबकळून पायांची पार लाकडं झाली होती. गुडघे आपापल्या मनानं दुमडले आणि मी गुलालात मांडी घालून बसलो. उठायला गेलो, तर दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे! मी वळणाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, सासऱ्यांकडं पाहिलं. संतापानं शब्द फुटेना.

शेवटी दोनच फुटले.

"उचला मला."