काठीच्या पलीकडचे दादा

दार उघडलं की आधी काठी बाहेर यायची, मग दादा. काठी म्हणजे लाकूडसामानाच्या दुकानातून आणलेली पट्टी, बरोबर दीड मीटर कापलेली. ती ते उंबऱ्यापासून सरळ समोर जमिनीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "तिथूनच बोला, ताई. ऐकू येतं मला."

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. ते नागपूरचे, मी पुण्याची. चिपच्या मशीन बनवणाऱ्या कारखान्यात ते धूळ नसलेल्या खोलीत काम करायचे, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात. कोरोना आल्यावर ती खोलीच त्यांनी घरी आणली. पार्सलं मागच्या शेडमध्ये पडून, भाज्या उन्हात, कोथिंबीर साबणाच्या पाण्यात. इथल्या मराठी मंडळींनी त्यांची भरपूर चेष्टा केली, मीही केली. तुमच्याही ओळखीत त्या काळात असा एक माणूस निघाला असेल.

मग वहिनींची किमो सुरू झाली आणि आमचं हसणं थांबलं. आता साधा सर्दीतापही त्यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी दादांना स्पष्ट सांगितलं होतं.

वहिनी गिटार वाजवायच्या. दर चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात भीमगीतांना त्यांची साथ ठरलेली. त्या वर्षी कार्यक्रम ऑनलाइन होता, आणि आपण वाजवणारच असं त्यांनी घरात जाहीर करून टाकलं. साध्या गिटारच्या जाड तारा दाबायचं बळ बोटांत उरलं नव्हतं. इलेक्ट्रिकच्या तारा हलक्या, पण स्पीकरशिवाय ती मुकी. आणि स्पीकरचं ते भलंमोठं खोकं दादांनी एका म्हाताऱ्या डच वादकाकडून जुनं घेतलेलं. खोक्याच्या तोंडावरच्या कापडात कित्येक वर्षांची सिगारेट मुरली होती. एरवी वहिनी त्यावरून दादांना चिडवायच्या. आता मात्र ते खोलीत असलं की त्यांना मळमळायचं.

दादांनी खोकं मागच्या अंगणात काढलं. पुढची चौकट सोडवली, जुनं कापड पिना उचकटून काढलं, लाकूड व्हिनेगरनं पुसलं. नवं कापड जाड विणीचं, उभ्या-आडव्या रेघांचं. ते चौकटीवर ढोलकीच्या पानासारखं ताणून मागून पिना मारायच्या होत्या. ढिलं राहिलं तर स्पीकरपुढे फडफडलं असतं. एका हातानं ओढून दुसऱ्यानं पीन मारली की रेघा तिरक्या व्हायच्या. ते पिना काढायचे, पुन्हा ताणायचे. काठाचे धागे सुटायला लागले तेव्हा ते हताश होऊन खाली बसले.

कुंपणापलीकडून मी म्हटलं की दुसरं टोक मी धरते. त्यांनी काठी उचलून चौकटीवर ठेवली. ती दोन्ही बाजूंनी बाहेर आली; चौकटीची दोन टोकं धरूनही दीड मीटर अंतर राहणार नव्हतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. वहिनी डोक्याला रुमाल बांधून काचेमागे बसल्या होत्या. त्यांनी मानेनंच हो म्हटलं.

आम्ही दोघांनी दोन-दोन मास्क लावले. मी डावीकडे तोंड करायचं, त्यांनी उजवीकडे. भांडण झालेल्या भावंडांसारखे आम्ही तोंडं फिरवून एकच कापड ओढत होतो. आधी मधोमध एक पीन, मग तिच्या समोरच्या बाजूला एक, मग हळूहळू कोपऱ्यांकडे. "ओढा. धरा. बोलू नका," एवढंच ते पुटपुटायचे. तीन कोपरे झाले. चौथ्याला मला शिंक आली.

दर एप्रिलला मला परागकणांची ॲलर्जी होते, हे त्यांना ठाऊक होतं. शिंक मास्कमध्येच राहिली. पण कापड माझ्या हातातून सुटलं, आणि दादा इतक्या झटक्यात मागे सरले की कुंपणावर आदळले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"ताई, तुम्ही घरी जा," ते म्हणाले. "आणि टेस्ट करून घ्या. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी."

मी टेस्ट करून आले. निकाल येईपर्यंत दादा घरात शिरले नाहीत. एप्रिलच्या त्या थंडीत शेडमध्येच झोपले. वहिनी मागच्या पायरीवर ताट ठेवून दार लावून घ्यायच्या, मग ते येऊन उचलायचे. मी भिंतीला कान लावून पलीकडे कुणी खोकतंय का ते ऐकत होते. वहिनींना काही झालं असतं तर त्या अंगणाकडे मला पुन्हा बघवलं नसतं.

निकाल निगेटिव्ह आला. मी कुंपणापाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. शेडचं दार उघडलं आणि आधी काठी बाहेर आली. दादांनी ती खाली ठेवली, तिच्याशेजारी बसले आणि मास्क न काढताच रडले.

चौथा कोपरा त्यांनी एकट्यानं पुरा केला. तिथे रेघा तिरक्या आहेत. कार्यक्रमाला मी माझ्या घरी लॅपटॉपसमोर बसले होते. वहिनींचा प्रत्येक सूर आधी भिंतीतून यायचा आणि मग लॅपटॉपमधून. मला त्या दिवशी सगळं दोनदा ऐकायला मिळालं.

वहिनी बऱ्या झाल्या. पुढच्या हिवाळ्यात दादा गेले. ज्याला ते एवढे घाबरले त्यानं नाही. कामावर जाताना सायकलच्या रस्त्यावर त्यांचं हृदय थांबलं.

मी भेटायला गेले. काठी दारामागे उभी होती. सवयीनं मीच ती घेतली, जमिनीवर ठेवली आणि तिच्या टोकापाशी खुर्ची ओढून बसले. वहिनी खोक्याला टेकून बसल्या होत्या, हात त्या तिरक्या कोपऱ्यावर. अशा वेळी माणूस जे बोलतो ते सगळं मी बोलत होते. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

"इकडे ये गं," मग त्या म्हणाल्या. "मला नाही ऐकू येत तिथून."

मी काठी ओलांडून त्यांच्याजवळ जाऊन बसले.