राणीच्या मनगटावरचा डाग

माझे वडील आयुष्यभर हात रंगवत आले. चित्रशाळेत कामाची वाटणी ठरलेली होती: चेहरा थोरले चित्रकार काढायचे, कपडे आणि दागिने आणखी कुणी, आणि हात बाबा. सगळे त्यांना 'हातवाले' म्हणायचे. बाबांना त्याचा राग नव्हता, उलट जरा मिरवायचेच.

राणीच्या मोठ्या चित्राचं काम आलं, तेव्हा राणी दोनदाच बसली, तीही चेहऱ्यापुरती. हातांसाठी बाबांनी आईला बसवलं. राजदंड म्हणून तिच्या हातात लाकडी डाव दिला. सोळा दिवस! "राणीला तरी भाजी करपायची काळजी नसते," आई कुरकुरायची आणि स्वतःच हसायची. तिच्या उजव्या मनगटावर इस्त्रीचा डाग होता. बाबा पहिल्यांदा राजवाड्यावर निघाले, त्या सकाळी त्यांच्याच शर्टाला इस्त्री करताना ती भाजली होती. बाबांनी तो डाग दिसला तसा रंगवला आणि थोरल्यांनी डोळे वटारल्यावर काढून टाकला.

"राणीला डाग शोभत नाही," बाबांनी आईला सांगितलं.

"मग मला शोभतो का?"

बाबा ब्रश धुवायला लागले. तेव्हापासून कॅमेरा दिसला की आई तो हात पाठीमागे लपवायची. ती गेली तेव्हा तिचा हात दिसेल असा एकही फोटो घरात नव्हता. याबद्दल मी बाबांना कधीच पुरतं माफ केलं नाही.

गेल्या वर्षी ते चित्र साफ करायला चित्रशाळेत परत आलं. बाबा केव्हाच निवृत्त झाले होते, पण हातांसाठी त्यांनाच बोलावणं आलं. त्यांनी मला सोबत नेलं.

"डाग मी नुसता वरून झाकलाय," ते कुजबुजले. "वरचा रंग काढला की खाली असेल. एकदा बघायचाय गं. मग परत झाकीन, कुणाला पत्ता लागणार नाही."

काडीला कापूस गुंडाळून त्यांनी रंग सुटायच्या औषधात बुडवला आणि राणीच्या मनगटावर हलकेच फिरवला. कापसाला कातडीचा रंग आला. दुसरा बोळा, तिसरा. मग खालून पांढरं दिसलं. नुसतं कॅनव्हासचं पांढरं अस्तर.

"खरवडला होता मी," बाबा म्हणाले. "सुरीनं. आत्ता आठवलं. माझं काम चोख ना!"

त्यांनी कापसाची काडी खाली ठेवली. मग म्हणाले, "नव्यानं काढतो. सांग, त्रिकोणी होता ना? की लांबट?"

त्या हातानं मला रोज घास भरवले होते. आणि मला आठवेना.

"लांबट," मी ठोकून दिलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"असू दे," ते म्हणाले आणि त्यांनी ब्रश उचलून त्या जागी नितळ कातडी भरली, राणीला शोभेल अशी.