उस्तादांच्या गाडीला कंप्युटर

इंजिन सुरू झालं की आमचे उस्ताद इंजिनाकडं बघायचे नाहीत, माझ्या तोंडाकडं बघायचे.

आखाडा बाळापूरच्या नाक्यावर तुमची गाडी कधी बिघडली असेल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल आणि फसला असाल. पत्र्याच्या शेडखाली बॉनेटमध्ये वाकलेला उंच माणूस, भरघोस पांढऱ्या मिशा, लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलेलं आणि मूठ कानाला. "बोलू नका. गाडी सांगून राहिली." गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राहायचं. मग उस्ताद कार्बोरेटरचा पेच जरासा फिरवायचे, आणि गाडी शिवणयंत्रासारखी एका सुरात चालायला लागायची. वारंग्यापासून डोंगरकड्यापर्यंत लोक म्हणायचे, कान असावा तर असा.

खरी गोष्ट अशी, की उस्तादांचे दोन्ही कान कधीच कामातून गेले होते.

मी मूळचा चंदगडकडचा. आठवीत शाळा सुटली आणि ट्रकवर क्लिनर झालो. तो ट्रक इथल्या नाक्यावर जो बसला तो उठलाच नाही. मालक आला, ट्रक भंगारात घालून गेला. माझं काय करायचं हे तो ठरवायला विसरला. उस्तादांनी मला चहा पाजला, एका चालू गाडीपाशी उभं केलं आणि माझ्या तोंडाकडं टक लावून बघितलं. "राहा," म्हणाले. मला वाटलं, माझा प्रामाणिकपणा दिसला असेल.

काय दिसलं होतं ते पुढं कळलं. माझं तोंड जन्मापासून काळजीचं. इंजिन जरा अडखळलं की माझ्या भुवया वर जातात, सुधारलं की खाली येतात. मला ते आवरत नाही. उस्ताद पेच फिरवायचे ते या भुवया बघून. कानाला लावलेला पेचकस गिऱ्हाइकासाठी होता.

"तुझं तोंड म्हंजे मीटर हाये, कोल्हापूर," ते म्हणायचे. मला ते जिल्ह्याच्या नावानंच हाक मारत.

मी एकदा त्यांच्या कानाजवळ ओरडून कानातल्या मशीनचं सुचवलं. ते गंभीर झाले. "डोळ्याच्या डाक्टरानं चष्मा लावला तर चालतं. पर माझ्या कानात मशीन दिसलं का दुकान बसलं."

दुपारी उस्तादांची बायको, म्हणजे आमच्या काकू, डबा घेऊन यायच्या. एकदा भीत भीत मी त्यांना विचारलं, उस्तादांना ऐकू येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे ना? काकू डब्याचं झाकण हातात धरून थांबल्या. "ऐकूच येत न्हाई? अन् मी समजत होते, ऐकून घेत न्हाईत."

त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी जास्त प्रेमानं बोलू लागल्या. उस्तादांना ते ऐकू गेलं नाही.

या सगळ्यात एकच अडचण होती. मला सुट्टी मिळायची नाही. दिवाळीला मागितली तर "आत्ता गर्दी हाये", उन्हाळ्यात मागितली तर "इंजिनं तापून राहिलीत". मी गेलो की त्यांचे कानही चंदगडला जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. मीही फार हट्ट धरत नव्हतो, कारण मला कायम धास्ती वाटायची, की गेलो आणि माझ्यावाचून चाललं, तर परत कशाला बोलावतील?

मग बहिणीचं लग्न ठरलं. मी सांगितलं. "बघू," म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी नांदेडला गेले. येताना एक पोतं घेऊन आले. त्यात ठोकलेल्या एका छोट्या गाडीतून काढलेला, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनचा सगळा संच होता: पंप, इंजेक्टर, सेन्सर, वायरींचं जंजाळ आणि एक चपटा डबा.

"आपल्या गाडीचा कारबेटर काढायचा," उस्ताद म्हणाले.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे पूर्वी पुढारी ज्यातून फिरत, तसली गोलमटोल पांढरी. तिचा कार्बोरेटर ते पेढ्यांच्या खोक्यासारखा दोन्ही हातांनी धरत. तो काढायचा म्हणजे औंढ्याच्या नागनाथाच्या पुजाऱ्यानं गाभाऱ्याला कुलूप घालतो म्हणण्यासारखं होतं.

मी मोबाईलवर बघून बघून त्यांच्या कानाशी ओरडून समजावलं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल किती सोडायचं त्याचा पेच माणसाला लावावा लागतो. इथं तो चपटा डबा, म्हणजे कंप्युटर, तेच काम स्वतः करतो. सायलेन्सरमधला सेन्सर धूर तपासतो आणि डबा त्या हिशेबानं पेट्रोल कमीजास्त सोडतो.

"म्हंजे वास घेतो?"

"तसंच."

"कुत्र्यावानी?"

"व्हय."

"अन् आपल्याला कसं कळंल?"

"मोबाईलवर आकडे दिसतात."

"डोळ्यानं दिसतं?" उस्तादांचा चेहरा उजळला. "बाजारात आता समद्या गाड्या अशाच येऊन राहिल्यात. आपल्या गाडीवर शिकलो का डोळ्यानं धंदा होतो."

मला त्यातून एवढंच कळलं: कान नकोत, म्हणजे भुवया नकोत. माझी जागा घेणारा डबा माझ्याच हातानं बसवायचा होता.

बसवला. टाकीत पंप सोडला, कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर आला, मी वायरी ओढल्या. उस्तादांनी चोकची कळ मात्र काढू दिली नाही. "राहू दे. काई ओढल्याबिगर गाडी चालू केल्यावानी वाटत न्हाई." कळीच्या मागं आता काहीच नव्हतं. तरी ते सकाळी ती ओढायचे आणि समाधानानं मान हलवायचे.

बाजाराच्या दिवशी, चार लोकांसमोर, गाडी चालू करायची ठरली. मी चावी फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. इतकं एकसारखं चाललं, की ऐकता ऐकता माझा जीव खाली खाली जाऊ लागला. झालं. आता माझी गरज संपली.

मोबाईलवर आकडे बरोबर होते. पण उस्तादांनी सवयीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. असलं पडलेलं तोंड त्यांनी कधी बघितलं नसावं.

"पेट्रोल कमी पडून राहिलं," असं म्हणत त्यांनी हवेचा पाइप उपसला आणि जुन्या रिवाजाप्रमाणे टोपणभर पेट्रोल इंजिनाच्या तोंडात ओतलं. मी चावी बंद करेपर्यंत आतून भपकन जाळ आला. कुणीतरी पोतं मारून विझवला. इंजिन वाचलं, उस्तादही वाचले. मिशीची डावी बाजू मात्र गेली.

काकू धावत आल्या, नवऱ्याला आपादमस्तक बघितलं. "आता उजवी बी काढा," म्हणाल्या. "लोक एका बाजूनं वळखतील, दुसऱ्या बाजूनं न्हाई."

गर्दी पांगल्यावर उस्तादांनी मला समोर बसवलं. "इंजिन कसं चालून राहिलं होतं?"

"बराबर."

"मंग तोंड काहून पाडलं?"

मी कानाशी ओरडून सांगितलं. एवढ्या मोठ्यानं सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. शेजारचा पंक्चरवालाही काम थांबवून ऐकू लागला. "माझं आता काय काम हाये इथं?"

उस्ताद बराच वेळ मिशीची जळकी बाजू चोळत राहिले.

"येड्या, तुला लग्नाला जाता यावं म्हणून तर बसवला डबा. दर खेपेला तुला अडकवून ठेवायची मलेच लाज वाटून राहिली होती." मग दुसरीकडं बघत म्हणाले, "परत यायचं का न्हाई, ते तुझं तू बघ."

मी गेलो. लग्नघरात रोज त्यांचा फोन यायचा. "तू बोलू नको, मला ऐकू येत न्हाई. एक गाडी आली होती, आकडे बघून केली. काकू बरी हाये. तू कवा येतो?" एवढं विचारून फोन कट. मी चारचौघांत बंद फोनवर सांगत राहायचो, की रविवारी येतो.

उस्तादांना जाऊन आता बराच काळ झाला. दुकान मी चालवतो. त्यांची आठवण निघाली की लोक पेचकस, मिशी असलं काही सांगतात. मला आठवतो तो रविवार.

एसटी स्टँडवर थांबली. खाली उस्ताद गाडीपाशी उभे होते. कुठल्या दिवशी, कुठल्या बसनं येणार हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता, म्हणून ते रोज येऊन नांदेडकडून येणारी प्रत्येक बस बघत होते. माझी पिशवी त्यांनी डिकीत टाकली, "चल, एक गाडी अडून बसलीय," म्हणाले आणि चावी फिरवली. स्टार्टर करकरला. गाडी चालूच होती. आवाज ऐकू येत नाही, आणि आता हादराही उरला नव्हता. सकाळपासून ती तशीच चालत उभी असणार.

पेट्रोल चौकातच संपलं. दोघं उतरलो; ते दारातून स्टिअरिंग धरून आणि मी मागून, असं ढकलू लागलो.

"लगीन बराबर झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

ते ऐकू गेलं नसावं. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. दुकान येईपर्यंत ते विचारत होते, आणि मी सांगत होतो.