शिवराम ताटक्यांची पानवेल आणि तिचं प्लास्टिकचं पांघरूण

शिवराम ताटक्यांना राग आला की आधी कान लाल व्हायचे, मग आवाज चढायचा आणि सगळ्यात शेवटी डोकं कामाला लागायचं. तोवर तोंडातून जे जायचं ते गेलेलं असायचं. मंगलागौरीच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे त्यांच्या रागाला कुणी भीत नसे. उलट जाणारे-येणारे थांबून मजा बघत.

माणूस रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. घराणं पिढ्यान् पिढ्या काशीत. घरात मराठी, ऑफिसात हिंदी आणि भांडणात दोन्हींची खिचडी, अशी भाषांची वाटणी. व्यसन एकच, पान. गंगास्नान चुकलं तर शिवराम म्हणत, "उद्या दोन बुड्या जास्त मारू." पान चुकलं तर त्या दिवशी त्यांच्या वाऱ्याला उभं राहू नये.

चौऱ्याण्णवच्या श्रावणात गल्लीच्या तोंडाशी विश्वेश्वर चौरसियाच्या दुकानावर त्यांनी पान तोंडात टाकलं आणि नाक मुरडलं. "आज पत्ता बासी है, विश्वेश्वर."

विश्वेश्वर चुना फेटत होता. त्यानं मानही वर केली नाही. "बाबू, आप लोग पत्ता का जानें? आप लोगन के यहाँ तो पान पर सुपारी बैठा के गणेशजी बना देते हैं. खाए वाला पान दूसर चीज है."

बाकावरची माणसं खो खो हसली. शिवरामचे कान लाल झाले. वर्मी लागलं, कारण त्याच सकाळी घरी पूजेत पानावर सुपारीचा गणपती बसवून ते दुकानावर आले होते. खोटं बोललेलं माणूस विसरतो. खरं बोललेलं कुठं ठेवायचं?

"असं? मग ऐक!" शिवराम गरजले. "अपने घर की बेल का पत्ता खाऊँगा, तभी तेरी दुकान का पान मुँह में जाएगा! तब तक नहीं!"

मग डोकं कामाला लागलं. पण गल्ली साक्षीला होती.

पानावाचून शिवरामची जी दशा झाली ती सांगण्यासारखी आहे. इतकी वर्षं तोंडात विडा धरून ते साहेबाला काहीही म्हणत, आणि साहेबाला ऐकू येई फक्त "ऊं, हूं." आता तोंड रिकामं झालं. शिवराम बोलले ते साहेबाला शब्दन् शब्द कळायला लागलं. आठवडाभरात त्यांची बदली खिडकीवरून मागच्या गोदामात झाली. सोबत्यांनी दया येऊन गुटख्याच्या पुड्या पुढं केल्या. त्या दिवसांत पुड्यांच्या माळा टपरी-टपरीवर लटकायला लागल्या होत्या. शिवरामनी त्या परत त्यांच्याच खिशात कोंबल्या. "पान सोडलंय मी, अक्कल नाही!"

पण गोदामातच त्यांना वाट सापडली. ओरिसाहून पानांच्या टोपल्या तिथं उतरत. एका व्यापाऱ्याच्या मागं लागून त्यांनी वेलीच्या दोन जिवंत कांड्या मागवल्या आणि गच्चीवर लाकडी खोक्यात लावल्या. एक कांडी माकडांनी खाल्ली. नुसती पानं नाही, आधाराची काठीसुद्धा नेली. दुसरी मात्र जगली. व्यापाऱ्यानं बजावलं होतं, "वेल तुमच्या डोक्यावर जाईपर्यंत पान खुडायचं नाही, नाहीतर रुसते." शिवराम उंचीनं बेताचे होते, तेवढीच काय ती सवलत. रोज सकाळी ते वेलीशेजारी ताठ उभे राहत आणि बायकोला विचारत, "अगं, कुठवर आली?"

"खांद्याला," शरदिनीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून सांगत. "आणि टाचा खाली टेका, बरोबर दिसत नाही."

वेल कानापर्यंत आली आणि काशीत थंडी पडली. गंगेवरून धुकं उठलं ते दुपारपर्यंत हलेना. खालच्या पानांच्या कडा काळ्या पडायला लागल्या. शिवराम वेलीवर आपली लोकरी टोपी घालून आले. ही वेल मेली की संपलं. जन्मभर पान नाही, आणि गोदामातून सुटका नाही.

शरदिनीबाईंचे मावसभाऊ सुमंत विद्यापीठात फळबागशास्त्र शिकवत. त्यांनी टोपी घातलेली वेल बघितली आणि हसू दाबून म्हणाले, "भावोजी, हिला प्लास्टिकचं घर बांधा. चला, बाजारात जाऊ."

विश्वेश्वरगंज बाजारातल्या एका दुकानात प्लास्टिकची भेंडोळी उभी होती, काळी, निळी, पांढरी. शिवरामनी लगेच काळ्यावर हात ठेवला. "काळं ऊब धरतं. शाळेत शिकवलंय."

"धरतं, पण उजेड खातं," सुमंत म्हणाले. "वेलीला शिक्षा झालीय का, कोठडीत ठेवायला?"

"ये नीला ले जाइए," दुकानदार म्हणाला. "शादी-ब्याह में बहुत चलता है."

"लग्न नाही लावायचं तिचं!" शिवराम उसळले. मग त्यांना काचेसारखं चकचकीत पारदर्शक आवडलं. सुमंतांनी तेही बाजूला सारलं. ऊन सरळ आत शिरलं तर पानं भाजतात, आणि हे साधं प्लास्टिक चैत्राच्या उन्हात पापडासारखं मोडतं. शेवटी त्यांनी दुधट रंगाचं भेंडोळं काढायला लावलं. ते उन्हाला टिकावं म्हणून बनवतानाच त्यात औषध घातलेलं असतं, आणि त्यातून उजेड येतो तो विस्कटून, सावलीसारखा मऊ. दुकानदारानं ते तराजूत टाकलं.

"किलोवर? भाजी आहे का ही?" शिवरामचे कान पुन्हा लाल. सुमंतांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि वाटेत समजावलं. "आता नीट ऐका. शिक्का मारलेली बाजू वर. आतल्या बाजूला पातळ लेप आहे. आत वाफ धरते ना, तिचे थेंब त्या लेपामुळं घसरून कडेनं उतरतात, वेलीवर पडत नाहीत. म्हणून आतली बाजू कधी पुसायची नाही. कधी म्हणजे कधी नाही."

"मी काय मूर्ख आहे?" शिवराम म्हणाले.

घरी जिन्याच्या पहिल्या पायरीवर शरदिनीबाई उभ्या होत्या. "हे धुतल्याशिवाय वर जायचं नाही. दुकानात कुणी कुणी तुडवलं असेल. गच्चीवर माझे सांडगे वाळतात, देवाची वस्त्रं वाळतात."

"अगं, सुमंतनं सांगितलंय, पुसायचं नाही."

"पुसतंय कोण? धुवायचंय. वाळेल आपलं आपण."

शिवराम घुटमळले. तेवढ्यात शेजारचे वेणीमाधवशास्त्री खिडकीतून डोकावले. काशीत अशा वेळी एक तरी शास्त्री डोकावतोच. विचारावं लागत नाही. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि डोळे मिटून निर्णय दिला. "पुसणं वेगळी क्रिया, धुणं वेगळी. निषेध पहिल्याचा आहे. दुसऱ्याला बाध नाही."

झालं! निर्णय शास्त्रोक्त. शरदिनीबाईंनी रिठे भिजवले, अंगणात प्लास्टिक पसरलं आणि दोन्ही अंगांनी खसखसून धुतलं. वरून गंगाजलाचा हात मारला. प्लास्टिक असं लखलखलं की शिवरामनाही अभिमान वाटला. लेप कुठला, लेपाची आठवणसुद्धा उरली नाही.

बांबूंची अडचण नव्हती. कार्तिकात पंचगंगा घाटावर आकाशदिवे टांगतात त्यांचे बांबू उतरून पडले होते. शिवरामनी ते मागून आणले, चिरले, वाकवले आणि चार माणसं वाकून आत शिरतील एवढ्या कमानी उभ्या केल्या. पेरांच्या गाठी तासून त्यांवर जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळल्या, म्हणजे प्लास्टिक फाटायला नको. धुकं विरून वारा पडला तेव्हा दोघांनी ते ताणलं, कडा दुमडून विटांखाली दाबल्या. शिक्क्याची बाजू वर. सगळं सुमंतांनी सांगितलं तसं.

सकाळी आत जाऊन बघतात तर टप, टप, टप. छताला थेंब लोंबत होते आणि एकेक करून नेमके वेलीवर पडत होते. गार पाण्यानं पानं भिजून मलूल झाली होती. रविवारी सुमंत आले, आत वाकले, आणि एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला.

"भावोजी, वेल लावलीय की पिंड? हा रुद्राभिषेक कुणी सुरू केला?"

शिवरामनी शरदिनीबाईंकडं बघितलं. शरदिनीबाईंनी शास्त्रीबुवांच्या खिडकीकडं बघितलं. खिडकी लागली.

"पुसलं नाही आम्ही," शिवराम बारीक आवाजात म्हणाले. मग सगळं सांगितलं. सुमंत विटेवर बसले आणि इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण शिवराम हसत नव्हते. ते वेलीचं एक काळं पडलेलं पान बोटांवर धरून उभे होते, आणि पहिल्यांदाच त्यांचे कान लाल नव्हते, पांढरे होते.

शरदिनीबाईंनी ते बघितलं. त्या खाली गेल्या आणि आपलं नऊवारी सुती लुगडं घेऊन आल्या. मऊ, विरलेलं, तरी जपून ठेवलेलं. "हे आतून बांधा. तिरकं. थेंब यात मुरतील, जास्तीचं कडेनं जाईल."

"अगं, हे तुझ्या आवडीचं..."

"धुवून ठेवलेलंच आहे," त्या म्हणाल्या. पुढं बोलायची सोय ठेवली नाही.

लुगड्यानं काम केलं. टपटप थांबली. पण आता दुसरंच संकट आलं. अख्ख्या मोहल्ल्यात माणसाला ऊब मिळेल अशी जागा एकच उरली, ताटक्यांचं पानघर. आधी शेजारच्या कालिंदीवहिनी मटार सोलायला आल्या. "ताटकेभावोजी, कोपऱ्यात बसते, वेलीला हात नाही लावणार." मग त्यांची जाऊ आली. मग वेणीमाधवशास्त्री जपाची माळ घेऊन आले आणि पाय थेट वेलीच्या खोक्याला टेकवून बसले. वरून माकडं गरम प्लास्टिकवर पोट टेकून पडायची. आतून त्यांच्या पोटांच्या गोल सावल्या दिसायच्या आणि बायका त्या मोजून हसायच्या. एकदा कुणी शेगडी आणली तेव्हा मात्र शिवरामनी असा आवाज काढला की माकडंसुद्धा उठून गेली.

"आजपासून नियम!" त्यांनी जाहीर केलं. "पानवाले आपल्या पानमळ्याला देऊळ मानतात. आंघोळ केल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत. इथंही तेच. पारोसा माणूस आत नको!"

गर्दी हटेल अशी त्यांची खात्री होती. पण हे गाव काशी.

"आम्ही पहाटेच पंचगंगेत बुडी मारून आलो," कालिंदीवहिनी म्हणाल्या.

"मी त्रिकाल स्नान करतो," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि खोक्याला पाय आणखी जवळ घेतले.

उलट नियमामुळं गर्दी वाढली. स्नान करून कुडकुडत येणाऱ्याला आता पानघरात हक्कच मिळाला. शिवराम दाराशी बसून वेलीकडं बघत. आणि नवल असं, की वेल वाढत होती. इतक्या माणसांच्या श्वासांनी, गप्पांनी, मटारच्या वासानं तिला काय मिळालं कोण जाणे, पण माघात एके सकाळी शिवराम शेजारी उभे राहिले आणि खिडकीतून आवाज आला, "अहो, गेली वर! टाचा खाली आहेत ना? हो, गेलीच!"

बातमी गल्लीभर झाली. दुपारी जिन्यावर पावलं वाजली. विश्वेश्वर चौरसिया. पानघरातल्या बायकांनी मटार आवरून वाट केली. विश्वेश्वरनं दाराबाहेर चपला काढल्या, डोक्याला गमछा गुंडाळला, आत वाकला आणि वेलीला दोन्ही हात जोडले. शिवरामना नाही, वेलीला. मग पानावर बोट फिरवून, वेल जगली याचं नवल करत म्हणाला, "जी गइल, बाबू. ई ठंडी में!"

शिवरामची भांडणाची तयारी होती, ह्याची नव्हती. त्यांनी वेलीचं एक पान खुडलं, धुतलं, आणि विश्वेश्वरपुढं धरलं. कात-चुन्याच्या डब्या विश्वेश्वर घेऊनच आला होता. त्यानं पान लावलं, दुमडलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं.

शिवरामनी ते तोंडात ठेवलं. सगळी मंडळी त्यांच्या जबड्याकडं बघत होती.

ते पान म्हणजे काय सांगावं! रेक्झिनसारखं जाड. दाढेखाली करकर वाजलं. तिखट असं की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. बनारसात पान वाफवून, उलटून-पालटून पिकवतात तेव्हा ते जिभेवर विरघळतं. हे तर सरळ वेलीवरून आलेलं हिरवं पान. आणि थुंकायचं कुठं? देवळाचा नियम त्यांनी स्वतःच केलेला. शिवरामनी मान वर केली, डोळे मिटले आणि गिळलं.

"कइसन बा?" विश्वेश्वरनं विचारलं.

"फर्स्ट क्लास," शिवराम घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ऐसा पत्ता तेरी दुकान पर नहीं मिलेगा."

"ना मिली," विश्वेश्वरनं गंभीरपणे कबूल केलं.

शरदिनीबाईंनी तोंडाला पदर लावला होता. मग शिवराम खाली बघत, विटेवरची माती नखानं उकरत म्हणाले, "बात पूरी हो गयी ना? अब मैं तेरा खा सकता हूँ?"

विश्वेश्वरनं कमरेची पुरचुंडी सोडली. ओल्या फडक्यात मऊ, पिवळसर, लावून ठेवलेले विडे होते.

"अरे! मग ते आधी का नाही दिलंस?" शिवराम मराठीतच ओरडले. पण विश्वेश्वर उत्तर देण्याआधीच एक विडा आत गेला होता, आणि पुढं ते त्याला जे काही म्हणाले, ते कुणालाच कळलं नाही.