मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

"नऊ सेकंदांत शंभरचा वेग गाठेल, कबूल; पण दहाव्या सेकंदाला करायचं काय, ते सांगा," असं मास्तर एकदा गाड्या विकणाऱ्याला म्हणाले होते. तो हसला. मास्तर हसले नाहीत. हसणाऱ्या विक्रेत्यावर त्यांचा विश्वास नव्हता. न हसणाऱ्यावर तर त्याहून नव्हता.

सत्तावीस वर्षं त्यांनी एकाच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं, तेही शेजारच्या सीटवर बसून. तिथं त्यांच्या पायाखाली शिकवणाऱ्यासाठी बसवलेला दुसरा ब्रेक होता. त्यावरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. जाड तळाचे बूट ते कधी घालत नसत. धोका डोळ्यांआधी तळव्याला कळतो, म्हणत. घरी जेवतानाही टेबलाखाली त्यांचा पाय मधूनच दाबला जाई, आणि बायको विचारी, "आता कोण आडवं आलं?"

जुने मालक थकले आणि स्कूल त्यांच्या जावयाच्या हाती आलं. जावयाने महिन्याभरात मोठ्या इंजिनची गाडी आणून दारात उभी केली. मास्तरांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. आजारी माणसाला भेटायला आलेला शेजारी खरं तर घर बघून घेतो, तशी.

"घाबरलात काय मास्तर?"

"गाडीला नाही, जावईबापू. ती कशासाठी आणलीत, त्याला."

"अहो, हायवेवर ट्रकच्या पुढं जायचं तर जोर लागतो. दोन सेकंद वाचले तर जीव वाचतो."

"खरंय. आणि जोर नसला की माणूस मुकाट ट्रकच्या मागं राहतो. तेव्हाही वाचतो."

बुधवारी सकाळी जावयाने पैज लावली. स्कूलपासून लायसन्सच्या ऑफिसपर्यंत सहा किलोमीटर, अकरा सिग्नल. नवी गाडी दर सिग्नलवरून बाणासारखी सुटे आणि पुढच्या तांबड्या दिव्याशी उभी राही. मास्तरांची जुनी डबडी मागून रांगत येऊन तिच्या शेजारी टेके. आठव्या सिग्नलला मास्तरांनी काच खाली केली. "पुन्हा भेट झाली म्हणायची." ऑफिसच्या दारात फरक पडला तो चाळीस सेकंदांचा, आणि गाडी लावायला जागा शोधण्यात जावयाचे तेवढेही गेले.

"हरलो बुवा," जावई म्हणाला.

दुसरा कुणी खूश झाला असता. मास्तर परत येईपर्यंत विचार करत राहिले: इतक्या गोडीत हार मानतो, म्हणजे याच्या मनात दुसरंच काही आहे.

होतंच. दुपारी टेबलावर एक फॉर्म तयार ठेवलेला. चाचणीच्या गाडीत दुसरा ब्रेक बसवलेला आहे, असं त्यात शिकवणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यायचं होतं. चार वाजता मास्तरांकडे शिकणाऱ्या एका नर्सबाईंची चाचणी होती. त्या दोनदा नापास झाल्या होत्या. आता लायसन्स हुकलं तर गावाबाहेरच्या दवाखान्यातली नेमणूक जाणार होती.

"नव्या गाडीत ब्रेक कुठाय?"

"फिटर सोमवारी येतोय. तोवर हँडब्रेक आहे की."

"आणि जुनी?"

"विकली. उद्या सकाळी नेतील. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, मास्तर."

"बघू तर," म्हणत मास्तरांनी नर्सबाईंना नव्या गाडीत बसवलं, आवारातल्या आवारात. बाईंनी गिअर टाकला आणि शिकवल्याप्रमाणे पार तळाला टेकेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबला. जुनं इंजिन त्याशिवाय जागचं हलत नसे. ही उसळली. मास्तरांचा पाय सवयीने खाली आदळला, नुसत्या गालिच्यावर. मग त्यांनी हँडब्रेक ओढला, बाईंनी आपला ब्रेक दाबला, आणि स्कूलच्या ऑफिसच्या काचेपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. काचेपलीकडे जावई खुर्चीवर चढून उभा होता.

"तुम्ही शिकवलं तसंच दाबलं हो मी," नर्सबाई म्हणाल्या. त्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

मास्तर आत आले तोवर जावई खुर्चीवरून उतरला होता. "बघितलंत? दोष गाडीचा नाही, शिकवणीचा आहे."

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मास्तरांना बोचलं. आजवर त्यांनी साऱ्या जगावर संशय घेतला होता. स्वतःवर घ्यायचा राहून गेला होता. सत्तावीस वर्षं आपण गाडी चालवायला शिकवलं, की फक्त ती एक गाडी? तळवा अजून जळत होता. शिकवणी चुकली असेल. पण म्हणून काही पायाखाली ब्रेक उगवला नव्हता.

"साडेतीन झाले," जावयाने पेन पुढं केलं. "सही करा, आणि बाईंना जरा हळू दाबायला सांगा. झालं."

मास्तरांनी फॉर्म उचलला, पुन्हा एकदा नीट वाचला. सहीची जागा कोरीच ठेवून त्याची घडी घातली आणि ती खिशात ठेवली. टेबलावर राहिला तर सही कुणाच्याही हातून होऊ शकते. मग खिळ्याला अडकवलेली जुन्या गाडीची किल्ली काढली.

"अहो मास्तर! विकलीय ती!"

मास्तरांनी दारातल्या नर्सबाईंना मानेनेच खूण केली आणि ते जुन्या गाडीकडे निघाले.